विहिरीचा आकडा

पावसाळा सुरू झाला की आमच्या नगर जिल्ह्यातली वर्तमानपत्रं रोज एक चौकट छापतात. भंडारदरा इतके दशलक्ष घनफूट, निळवंडे इतके, मुळा इतके. भंडारदऱ्याची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आणि निळवंड्याची ८,३२०, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. धरण भरलं की खाली संगमनेर, राहात्यापर्यंत आनंद! ज्याचा त्या पाण्यावर हक्क आहे तो रोज तो आकडा वाचतो.

मी राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. अकोले तालुका, जिल्हा अहिल्यानगर (तुमच्या जुन्या मार्कशीटवर अहमदनगर असेल). राजूर म्हटलं की लोकांना पेढे आठवतात, डांगी जनावरांचं प्रदर्शन आठवतं, नाहीतर कळसूबाई-भंडारदऱ्याच्या ट्रेकला जाताना घेतलेला चहा आठवतो. आमच्या वाडीच्या टेकाडावर उभं राहिलं की खाली निळवंड्याचा फुगवटा चमकताना दिसतो. आणि त्याच टेकाडावरून एप्रिल महिन्यात बाया डोक्यावर एक आणि कमरेवर एक हंडा घेऊन चढत असतात.

धरणाचा आकडा रोज छापून येतो. वाडीच्या विहिरीचा आकडा कुणाकडेच नव्हता. या लेखाचा विषय एवढाच आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तो आकडा लिहायला लागलो, त्यात काय चुकलं, काय जमलं आणि त्यात आपल्या इंजिनिअरिंगचा काय संबंध, ते सांगतो.

पाऊस एवढा, मग पाणी कुठं जातं?

हा प्रश्न मला हॉस्टेलवर सगळे विचारतात. अकोल्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला, पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो. मग टंचाई कशी?

स्थापत्यवाल्यांना उत्तर माहीत असेल. खाली काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पाणी मुरायच्या आत वाहून जातं. कातळात जिथं भेगा आणि मुरूम आहे तेवढंच पाणी साठतं. दिवाळीपर्यंत विहीर तुडुंब, होळीला अर्धी आणि अक्षय्य तृतीयेला तळ. धरण आमच्या खाली आहे, आणि पाणी आपणहून वर चढत नाही.

वर चढवायचं म्हटलं तर किती ऊर्जा लागते? माझ्या वाडीत १८० माणसं. टंचाईच्या काळात टँकरसाठी माणशी रोज २० लिटर धरतात, म्हणजे रोज ३,६०० लिटर. ते १०० मीटर वर चढवायला (वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची) सुमारे ३५ लाख ज्यूल लागतात, म्हणजे जवळपास एक युनिट वीज. पंप आणि पाइपमधला तोटा धरून कार्यक्षमता ४० टक्केच घेतली तरी अडीच युनिट! आपल्या हॉस्टेलच्या एका खोलीत चोरून लावलेली शेगडी याहून जास्त खाते. तेव्हा अडचण विजेची नाही. पाइप कोण टाकणार, मोटर जळली तर कोण भरणार, मागणी कोण करणार आणि कशाच्या आधारावर, ही खरी अडचण आहे. 'कशाच्या आधारावर' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता बाईच्या बाजूने हिशोब करू. पाच माणसांच्या घराला २० लिटरप्रमाणे रोज १०० लिटर. एक हंडा १५ लिटरचा धरला तर सात हंडे. एका वेळी दोन, म्हणजे चार खेपा. विहीर अर्ध्या किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन रोज चार किलोमीटर, त्यातले दोन भरल्या हंड्याने चढाचे. आणि विहिरीवर नंबर लावून थांबायचं ते वेगळं. माझी आई हे वीस वर्षं करत होती आणि मी दहावीपर्यंत त्याला 'घरकाम' समजत होतो.

मोठ्या गोष्टींतून काय शिकायचं?

आपण लॅबमध्ये लिनक्स वापरतो. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसमोर ठेवला. बघा, वापरा, सुधारा! जगभरच्या लोकांनी सुधारला. मराठी विकिपीडिया २००३ साली असाच सुरू झाला. २००४ साली इंग्लंडमध्ये ओपन स्ट्रीट मॅप सुरू झाला. त्याच्या नकाशावर कुणीही आपल्या गावाचा रस्ता काढू शकतो, विहीर दाखवू शकतो, नाव आपल्या भाषेत लिहू शकतो. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रहाच्या चित्रांवरून त्या शहराचे रस्ते काही दिवसांत काढले आणि मदत पथकांनी ते वापरले.

हीच रीत नागरी कामातही आली. ब्रिटनमध्ये २००७ साली 'फिक्स माय स्ट्रीट' सुरू झालं. रस्त्यात खड्डा दिसला की नकाशावर खूण करायची, तक्रार संबंधित नगरपालिकेकडे जाते आणि सगळ्यांना दिसतेही. केनियात २००८ साली निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात 'उशाहिदी' सुरू झालं. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ साक्ष. लोक मोबाइलवरून कळवायचे आणि ते नकाशावर दिसायचं.

पण आपल्याकडचंही एक उदाहरण घ्यायला हवं. १९९८ साली वारणा भागात ७० गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्या काळात केवढी मोठी गोष्ट! गावात संगणक, शेतीची माहिती, सगळं काही. पुढे असं दिसलं की शेतकरी त्या केंद्रावर मुख्यतः एकाच कामासाठी येतो, माझ्या उसाचं वजन किती भरलं आणि पैसे कधी? मग काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तेच काम करून पाहिलं, आणि ते स्वस्तात झालं. धडा असा की माणसाला कुठला आकडा हवा आहे ते आधी विचारा, यंत्र मागाहून आणा.

आणि दुसरा धडा मोबाइलशिवायचा. आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या पश्चिम पट्ट्यापुढे काहीच नाही. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने पाणलोटाची कामं केली हे सगळ्यांना माहीत आहे. पण मला भावतो तो त्यांचा पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, गावात पाणी किती आलं ते काढायचं, पिण्याचं आधी बाजूला ठेवायचं आणि उरलेल्यात कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. गणित सोपं आहे, एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. त्या गणिताला वजन आलं ते ग्रामसभेमुळे. आकडा सगळ्यांसमोर मांडला गेला, म्हणून निर्णय सगळ्यांनी पाळला.

त्याच जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी. माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजारे यांनी आंदोलन केलं, महाराष्ट्रात तो कायदा २००२ चा आणि देशाचा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. त्यातलं कलम ४ आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेलं असतं. त्याप्रमाणे कार्यालयांनी पुष्कळशी माहिती कुणी मागण्याआधी स्वतःहून जाहीर करायची आहे. म्हणजे उघडी माहिती ही कुणाची मेहेरबानी नाही.

मोजायचं कसं?

आता आमच्या विहिरीकडे. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या साडेतीन हजारांहून जास्त निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. काम चांगलं आणि शास्त्रीय. पण त्यातली विहीर प्रत्येक वाडीत असणार नाही, आणि चार मोजण्यांतून 'येत्या २० तारखेला आमचं काय होणार' हे कळणार नाही. ते आपणच मोजायचं.

साहित्य काय? एक दोरी, तिला खाली वजन (आम्ही तुटलेल्या कुऱ्हाडीचं पातं बांधलं), दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण. वेळ दोन. पहाटे पहिला हंडा पडायच्या आत आणि संध्याकाळी शेवटचा हंडा निघाल्यावर.

आमच्या विहिरीचा व्यास ४ मीटर. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ १२.५६ चौरस मीटर, आणि पाणी १० सेंटिमीटर उतरलं तर १,२५६ लिटर गेलं. वाडीला रोज ३,६०० लिटर लागतात, म्हणजे साधारण २९ सेंटिमीटर. रात्रीत झरा किती भरून देतो? २४ एप्रिलच्या सुमारास २२ सेंटिमीटर देत होता. रोज ७ सेंटिमीटरची तूट. उरलेलं पाणी १४० सेंटिमीटर. भागाकार करा, २० दिवस!

हा काही मोठा शोध नाही, चौथीचं गणित आहे. पण वाडीत पहिल्यांदा कुणीतरी 'पाणी कमी झालंय'च्या ऐवजी 'वीस दिवस उरलेत' असं म्हटलं. एक सूचना मात्र लिहून ठेवा. झरा स्वतःच आटत जातो, त्यामुळे हिशोब दर चार दिवसांनी नव्याने करायचा. आमची विहीर प्रत्यक्षात २० दिवस टिकलीच नाही, १६ व्या दिवशी, १० मेला तळ लागला.

पहिल्या वर्षी सगळं फसलं

खरं सांगायचं तर हे सगळं दुसऱ्या वर्षीचं आहे. पहिल्या वर्षी आम्ही चार मित्रांनी (दोन स्थापत्य, एक संगणक, एक अणुविद्युत) मोठ्या थाटात सुरुवात केली. गूगल शीट बनवली, व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, रंगीत आलेख केले. सुट्टी संपली, आम्ही हॉस्टेलवर परत आलो आणि आठ दिवसांत नोंदी बंद!

का? ग्रुपमध्ये होते सगळे पुरुष आणि पोरं. पहाटे विहिरीवर असतात बाया. ज्यांच्या हातात दोरी होती त्यांच्या हातात फोन नव्हता, आणि ज्यांच्या हातात फोन होता ते विहिरीवर जात नव्हते. त्यात रेंज फक्त टेकाडावर.

दुसरी चूक याहून वाईट. आम्ही शीटमध्ये एक रकाना ठेवला होता, कुठल्या घराने किती हंडे नेले. आम्हाला ते फार शास्त्रीय वाटलं. वाडीत भांडण लागलं. एका घरी बाळंतीण होती, त्यांना पाणी जास्त लागत होतं आणि त्यांचं नाव आलेखात सगळ्यात उंच! त्या घरच्या काकू माझ्या आईशी महिनाभर बोलल्या नाहीत. आम्ही तो रकाना पुसला आणि घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून आमचा नियम असा की विहीर सगळ्यांची आहे, तिचा आकडा उघडा. घर ज्याचं त्याचं, त्याचा आकडा झाकलेला. टँकर किती आले ते उघडं, कुणी किती नेलं ते झाकलेलं. खुल्या माहितीवर बोलताना ही सीमा कुणी शिकवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्याच वर्षी शेजारच्या आजी मला म्हणाल्या होत्या, "आकडा लिहून पाणी वाढतं का रे बाबा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या वर्षी काय बदललं?

एक, मोजायचं काम विहिरीवर सगळ्यात आधी जाणाऱ्या मावशींनी घेतलं आणि सोबत आठवीतली त्यांची मुलगी. दोन, आकडा आधी शाळेच्या भिंतीवर खडूने लिहायचा, मग वहीत, आणि सगळ्यात शेवटी शीटमध्ये. मुलगी संध्याकाळी टेकाडावर शेळ्या आणायला जायची तेव्हा मला एसएमएस टाकायची, मी हॉस्टेलवरून शीट भरायचो. तीन, शीट बघायला सगळ्यांना खुली, चूक दाखवायला सगळ्यांना खुली, पण बदल फक्त दोघांनी करायचा आणि का केला ते शेजारी लिहायचं.

या तिसऱ्या नियमाची गंमत बघा. एका दिवशी मी १.४ च्या जागी १४ लिहिलं. म्हणजे विहीर एका रात्रीत धरण झाली! चाकणला कंपनीत काम करणाऱ्या आमच्या वाडीतल्या एका दादाने तासाभरात फोन केला, "अरे, भिंतीवर काय लिहिलंय ते विचार आधी." ओपन स्ट्रीट मॅपवर आम्ही तीन वाड्या आणि त्यांच्या विहिरी टाकल्या, तर एका वाडीचं नाव आम्हीच चुकीचं लिहिलं होतं, ते तिथल्या गुरुजींनी दुरुस्त करायला लावलं. खुलेपणाचा फायदा हाच की आपली चूक लोकांना सापडते, आणि लवकर सापडते.

१ मेची ग्रामसभा

दरवर्षी काय व्हायचं? विहीर आटायची, मग लोक ओरड करायचे, मग टँकरची मागणी, मग ठराव, मग पाहणी. विहीर आटल्यापासून टँकर येईपर्यंत त्याच्या आदल्या वर्षी तीन आठवडे गेले होते. त्या तीन आठवड्यांत बाया एक किलोमीटर खालच्या झऱ्यावर जायच्या, वाटीने पाणी भरायच्या.

या वेळी १ मेच्या ग्रामसभेत, विहिरीत अजून पाणी असताना, मावशी वही घेऊन उभ्या राहिल्या. २० मार्चपासूनच्या रोजच्या नोंदी. टँकरची मागणी आली की कार्यालयात पहिला प्रश्न असतो, 'कशावरून?' (हेच ते 'कशाच्या आधारावर'.) आजवर त्याचं उत्तर 'साहेब, येऊन बघा' एवढंच होतं. आता उत्तराला वही होती. ठराव झाला, पाहणी झाली. पाहणीला आलेल्यांनी दोरी टाकून बघितली आणि आकडा भिंतीवरच्या आकड्याशी जुळला.

१० मेला तळ लागला. १२ मेला टँकर आला. तीन आठवड्यांच्या जागी दोन दिवस. ते दोन दिवसही नकोत, हे कबूल. पण ज्याने तीन आठवडे पाहिलेत त्याला दोन दिवसांची किंमत कळते.

पुढे टँकरची खेपही भिंतीवर लिहायला लागलो. पाऊस येईपर्यंतच्या २५ दिवसांत १०,००० लिटरच्या ९ खेपा, म्हणजे ९०,००० लिटर. रोजच्या ३,६०० ला भागलं तर बरोबर २५ दिवस. पण कागदावर खेपा ११! वाडीत लगेच कुजबुज. मीही मनात नको ते बोललो. नीट विचारल्यावर कळलं की दोन खेपा शेजारच्या वाडीत रिकाम्या झाल्या होत्या आणि नोंद एकत्र होती. त्या वाडीच्या गुरुजींनी तारखा सांगितल्या, जुळल्या. चोरी झालीच नव्हती. भिंतीवर आकडा नसता तर संशय वर्षभर राहिला असता. उघडा आकडा चोर पकडतो तसा निर्दोष माणसाला सोडवतोही.

राजूर परिसर अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत, आणि वाडी-पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळवता येते. हक्क कागदावर आहे. पण सभेत मांडायला आपल्या वाडीची माहिती आपल्याजवळ नसेल तर सभा फक्त हात वर करण्यापुरती उरते.

मित्रहो, तुम्ही काय कराल?

तुमच्यातले बरेच जण माझ्यासारख्याच गावांतून आलेत. कुणाच्या गावात पाणी प्रश्न असेल, कुणाच्या गावात एसटी, कुणाकडे शाळेचे शिक्षक. प्रोजेक्टच्या नावाखाली अॅप बनवायची घाई करू नका. आधी हे पाच प्रश्न वहीत लिहा.

१. लोकांना रोज कुठला एक आकडा हवा आहे?
२. तो मोजण्याच्या जागी रोज कोण असतं? (त्यालाच सोबत घ्या.)
३. ज्याच्याकडे फोन नाही त्याला तो आकडा कुठे दिसेल?
४. चूक कोण दाखवणार आणि कोण दुरुस्त करणार?
५. आकडा घेऊन कुठल्या सभेत उभं राहायचं?

पाचव्याचं उत्तर नसेल तर पहिल्या चारचा आलेख छान दिसेल, एवढंच.

यंदा दिवाळीला घरी गेलो तेव्हा आजींनी अंगणातून हाक मारली. शाळेची भिंत रंगवली होती आणि त्यात आमचा आकड्याचा चौकोनही रंगाखाली गेला होता. आजी म्हणाल्या, "त्या मास्तरांना सांग, तेवढा चौकोन काळाच ठेवा म्हणावं. होळीनंतर लागंल." पाणी वाढतं का, हे त्यांनी परत विचारलं नाही.

आपल्या हॉस्टेलवर आठवड्यातून दोनदा सकाळी साबण लावल्यावर पाणी जातं आणि मग वॉचमन काकांना बोलणी बसतात. टाकीत किती पाणी होतं, किती वाजता पंप लागला, कुठल्या मजल्यावर नळ गळतोय, आपल्यापैकी कुणाला माहीत आहे? येत्या सोमवारपासून बघू या. रेक्टर सरांनी गच्चीची किल्ली द्यायचं कबूल केलंय. मेसच्या दारातला फळा मोकळाच असतो, आणि दोरी माझ्याकडे आहे. सकाळी सहाला उठणारे दोन जण हवेत.